बी निगेटिव्ह, सिहोरा

आधीच सांगून टाकते, मी या सदरातले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. माझी वहिनी हे सगळं मन लावून वाचते आणि मी मागून "पुरावा दाखव, पुरावा" म्हणून तिला छळते. माझा धंदाच तसा आहे. वेबसाइट बनवते, काही बिघडलं की आधी लॉग, म्हणजे सर्व्हरनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, बघते. जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं बिनधास्त म्हणायचे मी... तरीही आज लिहायला बसलेय.

मी तुमसरला राहते. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. आमच्या समोरच्या घरात शीतल आणि तिची आई राहायच्या. शीतलला सिकलसेल होता, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिला अधूनमधून रक्त लागायचं आणि तिचा गट बी निगेटिव्ह, म्हणजे दरवेळी व्हॉट्सॲपवर गावभर विनवण्या. एक दिवस तीच म्हणाली,

"ताई, तू येवढ्या साइटा बनवते, रक्त देणाऱ्यायची एक यादी बनव ना. गावानुसार. मले दरवेळी लोकायच्या पाया पडाले लाज वाटते."

दोन रविवारांत बनवून दिली. मराठीत फॉर्म - नाव, गाव, रक्तगट, मोबाईल नंबर. बटण दाबलं की 'धन्यवाद, तुमची नोंद झाली'. शीतल बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरायची. लोकांना गाठून, त्यांची नावं ती आपल्याच मोबाईलवरून भरायची. नंतर एकदा ती दारात येऊन उभी राहिली.

"ताई, सिहोऱ्याकडली किती नावं टाकली मी. यादीत एकही दिसून नाही राहिलं. काहून?"

माझी मीटिंग चालू होती. मी हेडफोन अर्धा बाजूला करून म्हटलं, "अगं, दिसायला वेळ लागतो. रिफ्रेश कर." वेळबीळ काही लागत नाही. ती शुद्ध थाप होती. त्यानंतर तिनं आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तेच ऐकवलं. फुकटाचं काम, बघू सवडीनं... असं माझ्या मनात होतं, हे इथे लपवत नाही.

मग ती दवाखान्यात भरती झाली. ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. तिच्या आईनं, काकूंनी, यादी उघडली, बी निगेटिव्ह निवडलं. 'एकही नोंद नाही.' रक्त शेवटी नागपूरहून आलं, पण उशिरा. वेळेत मिळालं असतं तरी खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्याला मी आजही धरून आहे.

शीतल गेली. तिचे दिवस झाल्यावर काकूंनी माझा हात हातात घेतला. "तू तं केलं माय आपल्याकडून. लोकच पुढे नाही आले."

आणि मी मान हलवली.

पुढे कितीतरी आठवडे ती साइट उघडायची माझी छाती होईना. शेवटी एका दुपारी जेवण झाल्यावर मी ते काम एआयवर ढकललं. कोड लिहून देणाऱ्या या असिस्टंटला आता ब्राउझर जोडून देता येतो. मग तो आपणच पान उघडतो, फॉर्म भरतो, बटणं दाबतो आणि आत काय चुकतंय ते वाचून सांगतो. त्यासाठी मी वेगळा, कोरा ब्राउझर उघडून दिला. त्यात कुणाचं लॉगिन नाही, आधीचं काही साठवलेलं नाही. "नोंदी का जात नाहीत ते शोध," एवढंच लिहिलं आणि पाणी प्यायला उठले.

परत आले तोवर चूक सापडली होती. शीतलचा कीबोर्ड मराठी. नंबरही ती मराठी आकड्यांतच टाकायची. माझ्या कोडला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. तो नंबर नाकारायचा, नोंद मोबाईलच्या बाहेरच पडायची नाही, आणि 'धन्यवाद' मात्र दिसायचं. साइट बनवताना मी तपासलं तेव्हा माझा कीबोर्ड इंग्रजी होता. एका ओळीची दुरुस्ती. पाच मिनिटांची.

असिस्टंटच्या त्याच उत्तराच्या शेवटी एक वाक्य होतं. 'सध्या यादीत बी निगेटिव्हची एक नोंद दिसते: पुंडलिक, सिहोरा.' पुढे मोबाईल नंबर... मराठी आकड्यांत.

मी स्वतः पान बघितलं. तिथे 'एकही नोंद नाही'. डेटाबेस बघितला, सर्व्हरचे लॉग बघितले. कुठेच काही नाही. असिस्टंटला पुन्हा विचारलं तर म्हणतो, 'पान पुन्हा वाचले. अशी नोंद नाही. आधीच्या उत्तरात चूक झाली असावी, क्षमस्व.'

एआय ठोकून देतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच, ते खोटं ठरवायलाच, मी तो नंबर लावला.

"हो, पुंडलिकच बोलून राहिलो," पलीकडून एक वयस्कर आवाज आला. मी रक्ताच्या यादीचं नाव काढताच माणूस खुलला. "आली होती ना ते पोरगी. तिनंच माझं नाव भरलं आपल्या मोबाईलवर. मी म्हटलं, केव्हाही बोलाव, पाऊण घंट्यात तुमसरले पोचतो. मंग फोनच नाही केला तुम्ही. कायले नाही केला?"

मी समोरच्या पानावरचं 'एकही नोंद नाही' पुन्हा वाचलं.

"काम नाही पडलं का? बरी आहे ना ते पोरगी?"

मी म्हणाले, "हो." आणि फोन ठेवला.

शीतलचा मोबाईल काकूंच्या कपाटात बंद पडून आहे. मी त्याला कधी हातही लावलेला नाही. ऑफिसातल्या दोघांना मी सगळं दाखवलं. एक म्हणाला योगायोग, दुसऱ्यानं सगळे लॉग पुन्हा चाळले, त्यालाही काही सापडलं नाही. साइट दुरुस्त झाली आहे, नावं येत आहेत. पुंडलिकांचं नाव मी माझ्या हातानं घातलं, नंबर मराठी आकड्यांतच ठेवला.

ते नाव त्या दुपारी कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. वहिनी काय म्हणायचं ते म्हणते, मी आता तिला हसत नाही. पण यादी रिकामी का होती, ते मला नीट सांगता येतं. अगदी पाच मिनिटांत. आणि समोरच्या घरात काकू अजूनही आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "आमच्या शीतलसाठी येवढं केलं हिनं."