कुलूपभाऊ

लोक तिजोरीला कुलूप लावतात, भाऊ बाथरूमला लावायचे. आणि किल्ली खिशात टाकून खुशाल जवळच्या औंढे गावी आपल्या घरी निघून जायचे. घर आपलं, बाथरूम आपलं, पण आत पाऊल टाकायचं तर परवानगी औंढ्याहून आणायची! लोणावळ्यात ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडून फरशीचे जॉइंट भरून घेतले, त्या सगळ्यांनी हे सोसलेलं आहे. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि ते सगळ्यांचे कुलूपभाऊ झाले. दाराला कोयंडा नसला तर ते आधी कोयंडा ठोकायचे, मग कामाला हात लावायचे.

कारण विचारलं की म्हणायचे, "ताई, कुलूप चोरासाटी न्हाई, घरच्यांसाटी हाय. कोरडं ठेवा म्हनलं तरी कुनीतरी पाय धुवायला जातंच." एका बंगल्याच्या मालकांनी म्हणे खिडकीतून आत उतरून अंघोळ उरकली होती. भाऊंनी तिथले सगळे जॉइंट पुन्हा उकरले आणि ते काम चालू असेपर्यंत मालकांना समोर खुर्ची टाकून बसवलं. ही गोष्ट ते प्रत्येक घरी सांगायचे आणि प्रत्येक घरी तो मालक थोडा जास्त जाडा होऊन खिडकीत अडकायचा.

भाऊ आमच्याकडे आले ते आम्ही पुरते घाबरलेले असताना. माझी मुलगी सई पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती आणि नेमकं तेव्हाच आमच्या बाथरूममधलं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून टपकायला लागलं. आमच्याकडे बादली ओतली की थोड्याच वेळात त्यांच्याकडे ठिबक सुरू. काकू स्वभावाने गरीब, पण त्यांनाही किती दिवस छत्री घेऊन अंघोळ करा म्हणणार? एका कंत्राटदाराने पाहून सांगितलं, सगळी फरशी फोडावी लागेल, महिना तरी धरा. घरात बाथरूम एकच. संडास वेगळा आहे म्हणून आमचं निभलं असतं, पण बाळंतिणीच्या रोजच्या तेल-पाण्याचं काय? सईच्या सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, इकडे पाठवा. सई नुसती खोलीत जाऊन कपाटाकडे तोंड करून पडून राहिली. तिला इथेच राहायचं होतं आणि मलाही ती इथेच हवी होती.

भाऊ आले, चपला काढल्या, खिशातली चुन्याची डबी चाचपली आणि बाथरूम न बघताच म्हणाले, "तळेगावपास्नं खंडाळ्यापतुर माज्याइतकी बाथरूमं कुनी बगितली न्हाईत. गिझरचा पाईप हाय." मग छिन्नी घेऊन त्यांनी पाइपापाशी भिंत उकरली. आत ठणठणीत कोरडं! दुसऱ्या कुणाचं तोंड एवढंसं झालं असतं. भाऊ म्हणाले, "चला, पाईप सुटला. निर्दोष हाय." आणि गुडघ्यांवर बसून खिळ्याने फरशीच्या फटी खरवडू लागले. खिळा कुठेच अडेना. फटीतलं सिमेंट भुसभुशीत होऊन गेलं होतं, काही ठिकाणी तर नुसती पोकळी.

आमच्याकडे लोणावळ्याच्या दमट हवेत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग फरशीचे जॉइंट काळे पडले तर नवल काय. माझ्या सासूबाई मात्र त्या काळेपणाशी वैर धरून होत्या. गणपती, नवरात्र, दिवाळी, कोणताही सण आला की बाथरूम ॲसिडने धुवायचं आणि खराट्याने घासायचं. डाग जायचे, सोबत सिमेंटही जायचं. भाऊंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. "आई, तुमी फरशी धुतली न्हाई, खाल्ली."

"मी फरशी खाल्ली आणि तुम्ही काय खाता, ते दिसतंय मला खिशात," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

फोडायचं काही नाही, सगळे जॉइंट उकरायचे, आतला ओलावा वाळू द्यायचा आणि मग नवीन मसाला भरायचा, असं भाऊंचं म्हणणं पडलं. त्यांनी दिवसभर बसून फटी मोकळ्या केल्या. संध्याकाळी ते स्वतःच समोरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवून आत गेले आणि आमच्या सगळ्यांच्या अंघोळींची सोय लावून आले. मला न विचारता! म्हणे, "कुलूप लावनाऱ्यानं दुसरं दार उगडून द्याया पायजे." हे ते सगळीकडे करायचे. त्यांच्यामुळे लोणावळ्यातल्या कितीतरी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांचं बोलणं सुरू झालं असेल.

मग किल्ली गेली औंढ्याला, आणि आम्ही वाट बघत बसलो. हवा अशी की टॉवेल वाळेना, फटी कुठल्या वाळायला! त्यात सईच्या कळा दिलेल्या तारखेआधीच सुरू झाल्या. धावपळ झाली, सगळं नीट पार पडलं आणि मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत घरी न्या. मी दवाखान्याच्या जिन्यातूनच भाऊंना फोन लावला. ते सकाळीच हजर झाले, कुलूप काढलं, उलट्या हाताने फटी चाचपल्या आणि पुन्हा बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"न्हाई जमत. अजून वल हाय."

माझा तोल गेला. म्हटलं, "भाऊ, भरून टाका कसंही! परवा लेक घरी येतेय माझी."

"आज वल्यात भरलं तर पुन्हा गळंल, ताई. मग बाळ मांडीवर घिऊन पोरीला हितनं जावं लागंल. चालंल का?"

 ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथे सासूबाईंनी बाळंतिणीला शेक द्यायची शेगडी घासूनपुसून ठेवली होती, शेजारी कोळशांची पिशवी. भाऊंनी शेगडीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, आदी ह्या फरशीलाच शेकू का?"

सासूबाईंनी शेगडी जवळ ओढली. सुनेच्या, लेकीच्या आणि आता नातीच्या अशा पिढ्यांच्या शेकाची शेगडी बाथरूमला द्यायची म्हणजे काय! पण शेवटी त्यांनीच कोळसे फुलवले. बाथरूमची खिडकी उघडी ठेवून शेगडी आत ठेवली, भाऊ ती थोड्या थोड्या वेळाने सरकवत राहिले, एक कोपरा झाला की दुसरा. "ओवा टाकू का वर?" सासूबाई दारातून विचारत होत्या. "टाका की. हिचं बी अंग मोकळं व्हईल," भाऊ आतून म्हणाले. दुपारपर्यंत सगळ्या जिन्यात ओव्याचा वास आणि खालच्या काकू वर येऊन विचारतायत, सई आली का? दुसऱ्या दिवशी भाऊंनी एकेक फट बोटाने दाबून भरली आणि पुन्हा कुलूप लावलं.

भाऊ गेल्याचं मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं. गुडघे धरल्यामुळे त्यांनी काम सोडलं होतं, पण माणूस आहे याचाच एक आधार होता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्यांचा एकच दिवस सारखा डोळ्यांसमोर येतो, सई बाळाला घेऊन घरी आल्यावरच्या तिच्या पहिल्या अंघोळीचा.

भाऊ न बोलावता आले. कुलूप काढून किल्ली माझ्या हातात दिली आणि वर न थांबता थेट खाली काकूंकडे गेले. त्यांच्या बाथरूममध्ये पाट मागून घेतला आणि छताकडे बघत बसले. वर बाळंतिणीला न्हाऊ घालायला भाजे गावाहून आलेल्या मावशींनी सईला तेल लावलं, कढत पाण्याची बादली ओढली. मी दोन्ही मजल्यांच्या मधे जिन्यात उभी. सारख्या बढाया मारणारा तो माणूस त्या वेळी एक अक्षर बोलत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटत होती. एक बादली झाली. दुसरी झाली. मी हाक मारली, "भाऊ?"

"थांबा."

मावशींनी तिसरी बादली घेतली.  दवाखान्यातून आणलेली सईची बॅग मी अजून उघडलीही नव्हती, न जाणो, पुन्हा भरावी लागायची.

"टिपूस नाही हो!" आधी काकूच ओरडल्या. "टिपूस नाही!"

आणि मग भाऊंचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला, "ताई, मावशीला म्हनावं, हात आकडता घिऊ नको! पोरीला पोटभर न्हाऊ द्या!"

मी होते तिथेच पायरीवर बसले आणि भडभडून रडले. सईला बाळ झालं तेव्हाही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं. वरून सईचा सुस्तावलेला आवाज येत होता, "मावशी, अजून एक तांब्या घाला ना."