बर्फातले विलायती कांदे

लढाई सुरू व्हायच्या आदल्या थंडीत माझा नवरा आणि मी शहापूरला एका रावसाहेबांच्या बंगल्यावर बागकाम करत होतो. रावसाहेब पेन्शनीत निघालेले. नोकरीत असताना एकदा विलायतेला जाऊन आले होते, आणि तेवढ्या भांडवलावर उरलेलं आयुष्य काढत होते. आमच्या भेंडी-वालाच्या वाफ्यांकडे ते नाक मुरडून बघत.

त्या वर्षी त्यांनी बोटीने ट्युलिपचे कंद मागवले. दिसायला कांदेच. पुस्तकात लिहिलं होतं की लावायच्या आधी या कंदांना दीड महिना कडक थंडी लागते. शहापूरच्या थंडीत पहाटे एक गोधडी पुरते. मग रावसाहेबांनी पत्रा मारलेली पेटी बनवून घेतली आणि कल्याणहून आगगाडीने बर्फ आणायला लावला. दर दुसऱ्या दिवशी माझा नवरा आसनगाव स्टेशनावर जाऊन भुशात गुंडाळलेली लादी डोक्यावरून आणायचा. कांदे थंडाव्यात निजायचे, हा ओल्या मानेने बंगल्यावर पोचायचा.

महिनाभराने त्याला हिवताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बरळायला लागला, तशी मी बंगल्यावर गेले. रावसाहेब पेटीपाशीच बसले होते. मी म्हटलं, "यांचा ताप उतरत नाय. डोक्यावर ठेवायला बर्फाचा तुकडा द्या."

ते जरा विचारात पडले. खरोखर विचारात पडले, हे मी विसरले नाही. मग म्हणाले, "आज पेटी उघडली तर महिन्याची मेहनत वाया जाईल. ओल्या फडक्याच्या घड्या ठेव."

मी पेटीचं झाकण उघडलं, कमरेच्या कोयत्याच्या मुठीने लादी फोडली आणि ओंजळभर तुकडे पदरात घेतले. मला वाटलं, आता हात उगारतील. तेवढीही धमक नव्हती. "झाकण नीट लाव," एवढंच म्हणाले.

नवरा वाचला. उठून बसायला त्याला पंधरा दिवस लागले. तोवर कंद मी एकटीने लावले.

माघात फुलं आली. दांडा असा नव्हताच. पानांच्या बेचक्यात, मातीला चिकटून, लाल बोंडं. रावसाहेबांनी मामलेदारांना सहकुटुंब चहाला बोलावलं आणि फुलं बघायला दोघांना उकिडवं बसवलं. मामलेदारीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे उमलायचंय, की उमललंय?" रावसाहेब म्हणाले, इथल्या बायकांना लावायची अक्कल नाही. मी चहाच्या कपबशा घेऊन उभी होते. दोन दिवसांत उन्हाने फुलं गळून गेली.

चैत्रात आम्ही काम सोडून मुरबाडला माझ्या भावाकडे भातशेतीला गेलो. पुढे लढाई लागली, विलायतेचं टपाल अडलं. लढाईने शहापूरचे ट्युलिप बुडवले, असं रावसाहेब बाजारात भेटेल त्याला सांगायचे म्हणे, आणि मामलेदारसुद्धा मान हलवून ऐकून घ्यायचे.