झाडावरच्या बारा खोल्या

हायवेच्या अलीकडे जुनं थीम पार्क होतं, पलीकडे नवं. दोन्हींची नावं लांबलचक होती, पण ती तिकिटापुरती. जुन्याला सगळे ‘पाळणा’ म्हणत, कारण त्याचा आकाशपाळणा कुठूनही दिसायचा. नव्याला म्हणत ‘घसरगुंडी’.

पाळण्याच्या हॉटेलात थोरली एकोणीस वर्षं खोल्या आवरत होती. एका पाळीत चौदा खोल्या. तिने चादर एकदा झटकली की चारी कोपऱ्यांना बरोब्बर पडायची, वर हात फिरवायचीही गरज नसे. धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली आणि काम शोधू लागली, तेव्हा थोरलीनेच तिला घरच्या पलंगावर चादर घालायला शिकवलं आणि आपल्याबरोबर कामाला नेलं. ‘आमच्या दोन्ही सुना पाळण्यात आहेत,’ असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि ऐकणारा चमकला की खूश व्हायचे.

मग घसरगुंडी उघडली. धाकटी तिकडे गेली आणि दोन वर्षांत सुपरवायझर झाली.

थोरलीला आधी वाटलं, बरं झालं. पण धाकटीच्या कमरेला वॉकीटॉकी आला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तो संध्याकाळी टीव्हीशेजारी चार्जिंगला लागायचा. धाकटी त्यावर पदर पडू द्यायची नाही, तान्ह्या मुलासारखं जपायची. सकाळी साडेसहाला दोघी एकत्रच घरातून निघत. एकीची बस अलीकडे, एकीची पलीकडे. समोरच्या बसचा ड्रायव्हर ‘या मॅडम’ म्हणालेला थोरलीला रस्त्याच्या या बाजूला ऐकू यायचं. तिला तिच्या ड्रायव्हरने एकोणीस वर्षांत हॉर्नशिवाय काही ऐकवलं नव्हतं.

पार्कांचंही तेच चाललं होतं. पाळण्याने बोर्ड लावला, ‘आता दुप्पट मजा’. आठवडाभरात समोर लागला, ‘आमच्याकडे तिप्पट’. पाळण्याने बर्फाचं घर काढलं, तर घसरगुंडीने लाटांचा तलाव. कामगारांच्या जेवणघरात माणसं एकमेकांच्या पार्काचा असा हिशोब करत, जणू ते त्यांच्या बापजाद्यांचं होतं. थोरली त्यात सगळ्यांत पुढे. ‘तिकडच्या तलावात पोरांच्या अंगाला खाज सुटते म्हणे,’ असं ती बिनदिक्कत सांगायची. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी धाकटीने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला.

“ताई, कुठे बोलू नका हं. अजून जाहीर केलेलं नाही. झाडावरच्या खोल्या करणार आहेत. बारा झाडं, बारा खोल्या, मधे लाकडी पूल. मला विचारलंय, चादरी-टॉवेलांची कपाटं कुठे ठेवायची. मी म्हणते, प्रत्येक झाडाखाली एक.”

थोरलीने कागदाकडे पाहिलं. झाडं गोल काढली होती, पूल रेघांनी. तिला ते क्षणात समजलं, तिचं तिलाच नवल वाटलं.

“खाली कशाला? एक टॉवेल कमी पडला तर बाई सगळा जिना उतरणार का? पुलांवर ठेव. दोन झाडांत मिळून एक कपाट. चढायचं एकदाच.”

“अय्या, हो की!” धाकटीने पेन्सिलीने पुलांवर चौकोन काढले.

चार दिवसांनी ती कामावरून आली ती उडतच. चपला काढायच्या आधीच सांगायला लागली, “आमच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, कपाटं पुलावर, हे आमच्या इंजिनिअरला सुचलं नाही, या बाईंना सुचलं!”

दीर हसले, सासऱ्यांनी टाळी दिली. थोरली वाट बघत राहिली. आता म्हणेल, मग म्हणेल, ‘ताईंनी सुचवलं’. धाकटी पाणी प्यायली, तिने वॉकीटॉकी चार्जिंगला लावला आणि कपडे बदलायला गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली आपल्या मॅनेजरच्या खोलीत उभी होती. त्यांना सगळे चष्मेवाले साहेब म्हणत.

“साहेब, तिकडे झाडावरच्या खोल्या होणार आहेत.”

त्यांनी चष्मा काढला. “बसा मावशी.”

त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली. जावेच्या कागदावर किती झाडं होती, कसे पूल, कपाटं कुठे, सगळं सांगितलं. साहेब लिहून घेत होते आणि ती सांगत होती. बोलताना तिला इतकं हलकं वाटत होतं की बाहेर पडल्यावर तिने ट्रॉली एका हाताने ढकलली.

अकराव्या दिवशी पाळण्याचा बोर्ड लागला: ‘झाडावरचं घर! सगळ्यांत आधी आमच्याकडे!’

घसरगुंडीत चौकशी सुरू झाली. कागद घरी नेणारी एकच निघाली. धाकटी कुणाला काही सांगितल्याचं शेवटपर्यंत नाकारत राहिली, पण सुपरवायझरचं काम गेलं आणि तिला कपडे धुण्याच्या विभागात इस्त्रीवर बसवलं. ती वाफेने लाल झालेले हात घेऊन घरी यायची. टीव्हीशेजारची जागा रिकामी दिसायची.

थोरलीला पहिले दोन दिवस छान वाटलं. खोटं कशाला सांगा. तिसऱ्या दिवशी धाकटीने जेवताना विचारलं, “ताई, कुणी सांगितलं असेल हो?” आणि थोरलीचा घास तोंडातच फिरत राहिला.

“तुमच्याकडे माणसं थोडी आहेत का? असेल कुणीतरी,” ती म्हणाली.

तीन महिन्यांत पाळण्यात झाडांवर खोल्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी नवी सुपरवायझर लागणार, हे जेवणघरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती कोण असणार हेही सगळे थोरलीकडे बघून हसत सुचवत होते. साहेबांनी बोलावलं तेव्हा तिने केस नीट केले, युनिफॉर्मची बटणं तपासली.

“मावशी, तुमची जाऊ इकडे येईल का? सुपरवायझर म्हणून. त्या खोल्यांचा तिने इतका अभ्यास केलाय, म्हटलं, तिलाच घ्यावं.”

थोरलीच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. “विचारते,” ती म्हणाली.

तिने विचारलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी साहेबांनीच फोन लावला. धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने थोरलीला घट्ट मिठी मारली.

“तुम्हीच माझ्यासाठी शब्द टाकलात ना? मला माहीत होतं!”

थोरलीचे हात तसेच लोंबत राहिले.

आता दोघी एकाच बसने जायच्या. कामावर थोरलीने धाकटीला ‘मॅडम’ म्हणायचं. साहेब धाकटीला मॅडम म्हणत आणि तिला मावशी. झाडावर चढायला अडतीस पायऱ्या होत्या. थोरलीचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलायचे.

महिनाभराने ती सातव्या झाडावर चादर घालत होती, तेव्हा धाकटी आत आली आणि तिने दार लावलं.

“साहेब म्हणाले, तुमच्या जाऊबाईंचे आभार माना. त्यांनीच तर आम्हाला आधी सांगितलं.”

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. पाहुण्यांच्या पलंगावर ती कधी बसत नसे.

“हो. मीच.”

“का?”

“कपाटं पुलावर ठेव म्हणून मी सांगितलं होतं.”

धाकटी खिडकीशी गेली. “मी बोलणार होते त्या मीटिंगमध्ये,” ती म्हणाली. “पण सगळे माझ्याकडे बघत होते. आजवर कुणी बघितलंय माझ्याकडे असं? सोडवेना.”

“मलाही खुर्चीत बसवलं होतं,” थोरली म्हणाली.

“तुमची खुर्ची दहा मिनिटांची. माझे हात तीन महिने भाजत होते.”

थोरली उठून चादरीला पडलेली सुरकुती काढू लागली. धाकटी दार उघडून पुलावरून निघून गेली.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. दीरांना कळलं नाही, सासऱ्यांना नाही. थोरली मात्र शिक्षेची वाट बघत राहिली. कामाचा तक्ता रोज धाकटीच लिहायची. थोरली आल्याआल्या त्यावर आपलं नाव शोधायची. आज नक्की टोकाची बारा नंबरची खोली देईल, आज नक्की वाढदिवसवाल्यांनी केक फासलेली देईल. तसं होत नव्हतं. इतर बायकांना पाळीने जशा खोल्या येत, तशाच तिलाही. एक कमी नाही, एक जास्त नाही. गुडघे फारच धरले त्या आठवड्यात तिला न विचारता हॉटेलच्या खालच्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्या.

हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर परत देता आल्या असत्या. वॉकीटॉकीचा हेवा वाटला होता, ‘मॅडम’चा वाटला होता, तो कळण्यासारखा होता. पण हिला हे जमतं कसं? आपल्याला हिची खुर्ची मिळाली असती तर आपण हिला रोज बारा नंबरला चढवलं असतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. बादलीत फडकं पिळताना तिला त्याचाच विचार यायचा, आणि ती फडकं जरुरीपेक्षा जास्तच पिळायची.