पाळीवरचा डबा

दुधाच्या पावडरचा रिकामा डबा आतून काळा रंगवायचा, सुईने एक भोक पाडायचं आणि आत फोटोचा कागद वाकवून ठेवायचा. झाला कॅमेरा. मोहाडीजवळच्या आमच्या गावात, तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला असा एक डबा मी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधला. धान कापणीला उतरवायचा, तोवर भोक उघडं. सूर्य रोज कागदावर एक रेघ ओढतो, खाली तळं हळूहळू उमटतं. मध्ये डबा तसूभर हलला तरी सगळं वाया.

दोन महिने तो कुणाला दिसलाच नाही. मग साहेब तळं पाहायला येणार अशी वर्दी आली आणि गावाला डोळे फुटले. ग्रामपंचायतीच्या शिपायाने मला पाळीवरच गाठलं.

"मास्तरीणबाई, काढा बाप्पा तो डबा. सायेबाले बॉम्ब वाटन. जवाहरनगर कितीसं दूर हाय?"

"तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात दुधाच्या डब्यात बॉम्ब भरत नाहीत. काढणार नाही."

शेजारी जाळं सुकवत बसलेले ढीवर काका शिपायाला म्हणाले, "काहून रे, तुह्या बापाचं काय खाऊन राहिला तो डबा?"

साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला चुना फासायचा, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड, हातपंप, झाडांची खोडं, सगळं पांढरं होतं. बाभळीबरोबर डबाही. भोक बुजलेलं.

"आता दिसतच नाही, पाहा!" शिपाई खुशीत होता.

मी एका हाताने डबा धरला आणि पदराचं टोक ओलं करून भोकावरचा चुना पुसू लागले.

"कायले पुसता? गाड्या येऊन राहिल्या ना!"

मी पुसत राहिले. साहेब थेट तिथेच आले.

"हे काय?"

"कॅमेरा."

साहेबांनी शर्ट सारखा केला, डब्यासमोर ताठ उभे राहिले. "मग काढा आमचा एक."

"निघेल साहेब. हलू नका फक्त. धान कापेपर्यंत."

काका मोठ्याने हसले. साहेबांनाही हसावं लागलं, आणि ते मंडपाकडे निघून गेले. त्यानंतर डब्याला कुणी हात लावला नाही.

कापणीला कागद काढला. ढगांनी तोडल्या तेवढ्याच रेघा तुटल्या होत्या. फोटो कार्यालयात लावायला हवा म्हणून पंचायतीचा निरोप आला. फोटो मात्र मी काकांच्या घरी देऊन आले.