पडताना हात टेकायचा नाही

आज मी धड आहे ती समोरच्या बिल्डिंगमधल्या गोऱ्या आजोबांमुळे. इथे परदेशात, डेव्हन नावाच्या रस्त्यावरच्या ज्या किराणा दुकानात मी काम करते, तिथे ते रोज सकाळी दूध न्यायला यायचे. दुधाचा कॅन लोंबकळवत न्यायचे नाहीत, काखेत दाबून पुढून तळवा लावायचे. आमच्या मालकीण काकू म्हणाल्या, "अगं, तरुणपणी पगारी अमेरिकन फुटबॉल खेळायचे ते, हातात बॉल धरून खेळतात तो. रनिंग बॅक! म्हणजे यांनी बॉल घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी यांच्या अंगावर पडायचं." मी नववीतच शाळा सोडलेली, मला क्रिकेटसुद्धा कळत नाही.

आजोबा मला सोप्या इंग्रजीत बजावायचे, "पोरी, पडताना हात टेकायचा नाही. हात टेकला की बॉल सुटतो, बॉल सुटला की नोकरी सुटते." चार सीझनमध्येच गुडघे गेले, हेही ते हसतच सांगायचे.

गेल्या मंगळवारी बर्फावरून घसरत एक गाडी थेट फुटपाथवर, आम्हा दोघांच्या अंगावर आली. माझे पायच हलेनात. आजोबांनी खांदा खाली घालून मला दुकानाच्या दारात ढकललं. गाडी खांबावर आदळली आणि ते घसरून पडले. हात टेकलाच नाही. दूध छातीशी घट्ट, डोकं मात्र फरशीवर आपटलं.

"सुटला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सुटला, आजोबा," घाबरून मी मराठीतच बोलले.

अजून ते हॉस्पिटलमध्ये आहेत, मला ओळखत नाहीत. काकूंचा फोन वाजला की हॉस्पिटलचा असेल म्हणून मी हातातलं काम टाकून जवळ जाते. ते घरी आले की त्यांना जिना मी चढवणार, रोज. एवढं फेडल्याशिवाय मी गावी परत जाणार नाही.