मगदूमबाई आणि कुंकवाचा लाल रंग

मगदूमबाई गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. त्यांच्या भाचीचा, श्रद्धाचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या घराच्या गॅलरीत कुंड्यांना पाइपनं पाणी घालत होतो. "काका, आत्या गेली," एवढंच ती बोलली. पाइप हातातून कधी सुटला कळलं नाही… खालच्या मजल्यावरून ओरडा झाला तेव्हा भानावर आलो.

सुनंदा मगदूम आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी विभागप्रमुख होतो. शेतकरी जैन घरातल्या, आवाज बारीक, पण वर्गात एक प्रश्न हमखास विचारायच्या: "हे आधी कुणाला कळलं असेल?" परीक्षेला येणार नाही म्हणून मुलं तो वहीत उतरवून घेत नसत. एकदा त्या माझ्याकडे अभ्यासरजेचा अर्ज घेऊन आल्या. आपल्याकडं हळदीची एवढी मोठी पेठ, खेड्यापाड्यांत बायका घरी कुंकू करायच्या, त्या कुंकवाचं रसायन आणि त्याचा इतिहास त्यांना लिहायचा होता. मी शेरा मारला, 'विषय रसायनशास्त्राचा नाही. इतिहास विभागाकडे पाठवावा.' इतिहास विभागानं लिहिलं, विषय रसायनशास्त्राचा आहे. बाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि प्रॅक्टिकल घ्यायला निघून गेल्या. त्या भांडल्या नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

रजा मिळाली नाही म्हणून त्या रविवार वापरू लागल्या. वर्षानुवर्षं. एसटीनं सातारा, तिथून वाई, मेढा, जिथं कुणी जुनी बाई कुंकू करत होती असं कळेल तिथं. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांना गमतीनं 'कुंकवाच्या मगदूमबाई' म्हणायचो. त्या ऐकून हसायच्या. मेढ्याच्या पुढं एका वाडीत त्यांना हौसाबाई भेटल्या. शाळेची पायरी न चढलेल्या, पण आजूबाजूच्या सगळ्या जत्रांना त्यांच्याच हातचं कुंकू जायचं.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर एका दुपारी बाईंनी मला कुपवाड रस्त्यावरच्या त्यांच्या घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हळदीच्या दोन बश्या होत्या. एकीत त्यांनी चुन्याची निवळी घातली, हळद लाल झाली. "आता यात लिंबू पिळा, सर." मी पिळलं. लाल पार उडून पुन्हा पिवळं. दुसऱ्या बशीतली हळद त्यांनी आदल्या दिवशीच सवागी, म्हणजे आपला टाकणखार, बोरॅक्स, आणि लिंबाच्या रसात भिजवून वाळवली होती. ती गडद लाल होती. तिच्यावर मी अर्धं लिंबू पिळलं तरी लालच.

"हौसाबाई काय म्हणाल्या सांगू?" बाईंनी वही उघडून वाचलं, "'चुन्याचा लाल आंबटाला भितो. सवागीचा लाल आंबटातच जल्मतो, त्यो कशाला भिईल?'"

मी आयुष्यभर हळदीचा कागद सूचक म्हणून शिकवला होता. आम्लात पिवळा, अल्कलीत लाल. आम्लात टिकणारा हा दुसरा लाल मीही पुस्तकात वाचला होता, पण त्याचं कारण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं… बाईंच्या सगळ्या वह्या मी घरी आणल्या. आठवडाभर दुसरं काही वाचलं नाही.

रसायनशास्त्राच्या इतिहासावर स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांचा सन्मान करणारी एक संस्था परदेशात आहे. तिथं मी बाईंचं नाव पाठवलं. शिफारसपत्रात 'हे काम आपल्याला केव्हापासून माहीत आहे?' असा रकाना होता. हे काम मीच एकदा नाकारलं होतं, असं मी तिथं लिहिलं. सन्मान मिळाला. संस्थेच्या नियतकालिकात लेख छापायचंही ठरलं. आणि बाई अडून बसल्या. लेखावर दोन नावं हवीत, दुसरं हौसाबाईंचं. संपादकांचं उत्तर आलं की माहिती देणाऱ्यांचे शेवटी आभार मानायची पद्धत आहे.

"त्यांनी माहिती दिली नाही, सर. त्यांनी कारण सांगितलं," बाई म्हणाल्या.

तोवर त्यांच्या आजाराचं निदान झालं होतं. मी म्हणालो, "एवढ्यासाठी अडवू नका हो. दिवस कसे आहेत ते बघा."

"तुम्हीही तेव्हा पद्धतच सांगितली होती."

त्या दिवसापासून संपादकांना पत्रं मी लिहिली. तीन लिहिली. तिसऱ्यानंतर ते तयार झाले.

छापील अंक घेऊन गेलो ती आमची शेवटची भेट. उशाला टेकून त्यांनी अंक डोळ्यांजवळ धरला, आधी दुसरं नाव वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "उशीर झाला, सर…"

"माझ्यामुळं," मी म्हणालो. त्या नाही म्हणाल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटून पडून राहिल्या. दोन दिवसांनी श्रद्धाचा फोन आला.

बाईंची एक सवय मला श्रद्धाकडून कळली. कुणाकडून ऐकलेलं लिहून काढलं की त्या परत त्याच गावी जायच्या, त्या माणसाला सगळं वाचून दाखवायच्या, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय लिहिणं पुरं झालं असं मानायच्या नाहीत. शेवटची वही तशी वाचायची राहून गेली होती. म्हणून गेल्या आठवड्यात श्रद्धा आणि मी अंक आणि ती वही घेऊन मेढ्याच्या पुढच्या त्या वाडीत गेलो. हौसाबाईंनी अंकावरून हात फिरवला, बाईंची आठवण काढून पदरानं डोळे पुसले आणि भिंतीला टेकून बसल्या. "वाचा."

मी वाचत गेलो. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा, थांबा. लिंबू येकदम न्हाई वतायचं. जरा जरा वतायचं. बाईस्नी म्या सांगितलं हुतं की. त्या इसरल्या व्हय?"

मी वहीत पाहिलं. बाईंच्या अक्षरात ते स्वच्छ लिहिलेलं होतं.

"नाही मावशी, बाई नाही विसरल्या. माझ्याकडूनच ओळ गळली," मी म्हणालो, आणि पानं मागं उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.