सरांनी खाल्लेले मागूर

आमच्या सरांचा मला आजही राग येतो. माणूस निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरला एम.फिल. करत होते. विषय होता मागूर माशाचे नर. पावसाळ्याच्या तोंडावर नराची वृषणं भरतात, त्यांत शुक्रपेशी तयार होतात. त्याआधी ती दोऱ्यासारखी बारीक असतात. हे भरणं मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियूष ग्रंथीच्या हुकमानं होतं. तो हुकूम सुईनं टोचून आधीच दिला तर काय होईल, एवढाच माझा प्रश्न. सरांनी अर्जावर सही केली आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही.

काम मी गावीच केलं, चामोर्शीजवळ. बाबा गावच्या तलावावर मासे धरायचे. त्यांनी घरामागं सिमेंटची दोन टाकी बांधून दिली आणि एकेक मागूर उलटा करून बारा नर निवडून दिले. ग्रंथी मी आदल्या पावसाळ्यातच जमवून स्पिरिटमध्ये ठेवल्या होत्या. आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या बायांपुढं बसायचं, रोहूचं डोकं उघडून तांदळाच्या कणीएवढी ग्रंथी काढायची आणि डोकं परत द्यायचं. बाया हसायच्या. 'आमी डोकं खातो, तू डोक्यातलं खातं का वं?' हसू देत. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

एका टाक्यातल्या सहा नरांना ग्रंथीचा अर्क टोचायचा, दुसऱ्यातल्या सहांना नुसतं मिठाचं पाणी. हे दुसरं टाकं नसेल तर पहिल्याला काडीचा अर्थ नाही, कारण तुलना कशाशी करणार? आठवड्याला बारा सुया, बोटांत मागुराचे काटे, रात्रभर ठणका. शेवटी दोन्ही टाक्यांतले मासे एकाच दिवशी कापून वृषणं तोलायची होती. तो दिवस हुकला की पाऊस लागून सगळेच नर भरणार, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसा, आणि तेवढी मुदत मला नव्हती.

त्या दिवसाच्या दोन दिवस आधी मी बाजारातून बर्फ घेऊन आले, तर दारात जीप. सर आले होते, सोबत दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक. आई चुलीपुढं मसाला वाटत होती आणि तिच्याजवळ परातीत राख चोळलेले, अजून न चिरलेले सहा मागूर. मिठाच्या पाण्याचे. सरांनी स्वतः जाळीनं काढून दिले होते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "सर, ही माझी तुलना आहे," मी म्हटलं.

"अगं, एवढं काय त्यात? ते आकडे आपण बसवू."

बसवू! वर्षभराचं काम, आणि हा माणूस माझ्याच अंगणात खुर्ची टाकून आकडे बसवणार! मला त्यांच्या डोक्यात परात घालावीशी वाटली. आई हळूच म्हणाली, "काऊन तमाशा करून राह्यली? पाहुणे हायेत." तिचाही राग आला.

मी विळी घेतली. सहाही मासे मीच चिरले, वृषणं काढली, तराजूवर तोलली, बाटल्यांत ठेवली. मग दुसऱ्या टाक्यातले सहा काढले आणि तेही त्याच बैठकीत चिरले. दोन दिवस आधी तर आधी, पण दोन्हीकडे सारखंच. अर्क टोचलेल्यांची वृषणं पांढरी, टरारून भरलेली होती. मिठाचं पाणी टोचलेल्यांची दोऱ्यासारखी. मी रडत होते आणि हात थांबत नव्हते.

पहिले सहा रश्श्यात गेले. सरांनी तीन वेळा वाढून घेतलं. मग ताटात बोटं फिरवून माशाची अंडी शोधत म्हणाले, "गाभोळी नाही का एकातही?"

बाबा वाढत होते. ते थांबले. "सारे नर हायेत जी. पोरगी नरावरच शिकून राह्यली ना?"

पाहुण्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी भात कालवला.

प्रबंधात कामाची पद्धत लिहावी लागते. मी खरं तेच लिहिलं: ठरल्या दिवसाआधी मासे का कापावे लागले, आणि 'वृषणं काढून घेतल्यावर तुलनेच्या टाक्यातले सहाही नर मार्गदर्शक व त्यांच्या पाहुण्यांनी खाल्ले.' सरांना कळलं असतं तर माझं एम.फिल. संपलं असतं. पण सरांनी 'हा प्रबंध मी तपासला आहे' याखाली उभ्या उभ्या सही ठोकली.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तेच पाहुणे आले. त्यांनी सरांना विचारलं, "तुम्ही वाचलाय ना हा?"

"शब्द न् शब्द," सर म्हणाले.

परीक्षकांनी ते पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. "मोठ्यानं वाचा."

मी उभी राहिले आणि सावकाश वाचलं, एकही शब्द न गाळता.